पंपाच्या खोलीची किल्ली

मंगळवार, १८ नोव्हेंबर

वही, माफ कर. हे लष्करातून कायमचे घरी आले त्या दिवसापासून तुला हात लावला नाही. लिहिलं असतं तर वाईटच लिहिलं असतं. आज तेच लिहिते.

सकाळी उसाला पाणी द्यायला निघाले, तर पंपाच्या खोलीची किल्ली खिळ्यावर नाही. यांच्या खिशात. म्हणाले, "आता मी बघतो. तुला कायमची सुट्टी."

सासूबाई लगेच, "व्हय की. मालक आलाय आता. लय राबलीस गं."

राबले? इतकी वर्षं उसाची लागण, पाणी, तोड, सगळं मी ठरवलं. मी म्हटलं, "सुट्टीवर तुम्ही यायचात. मी इथंच असते."

चेहरा उतरला त्यांचा. तडक पंपावर गेले आणि कालच मी भिजवलेल्या उसाच्या सऱ्यांना त्यांनी पुन्हा पाणी सोडलं. मला विचारलं नाही. मीही बांधावर उभी राहून बघत राहिले, सांगितलं नाही.

सीमेवर गोळीबार चालू होता तेव्हा एकच मागणं होतं, माणूस धड परत येऊ दे. आला. आणि मी त्याच्या खिशाकडे बघते. इतकी कोती आहे का मी? शेताशिवाय आता त्यांना दुसरं काय आहे, हे कळतं मला. पण मला तरी काय आहे, हे त्यांनी एकदा विचारावं की नाही?

उद्या: पलूसहून पंपाच्या खोलीला नवं कुलूप आणणे. जुनी किल्ली राहू दे त्यांच्या खिशात.