पेल्यांची उतरंड

रविवार, औसा. आत्ताच दिवेलागण झाली.



कुणाच्या तोंडून कधी नाव न ऐकलेला एक सिनेमा दुपारी मोबाइलवर सापडला. रेल्वे फाटक सांभाळणाऱ्या एकट्या बाईची गोष्ट. इतका चांगला सिनेमा, आणि कुणीच कसा पाहिला नाही? आईला म्हटलं, चल, टीव्हीवर लावतो. नवा स्पीकरही जोडला.

त्र्याण्णवच्या भूकंपात बाबा गेले, तेव्हापासून आई कोपऱ्यात पेल्यांची उतरंड रचून ठेवते. जमीन हलली की आधी पेले पडतात, आणि पेले पडले की बाहेर पळायचं. लहानपणापासून हेच शिकलो. सिनेमात मालगाडी आली, स्पीकर घुमला आणि पेले खणखणत खाली आले.

मी थेट रस्त्यावर. अनवाणी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय झालं रे?" तेव्हा कळलं, काहीच हललेलं नाही. आणि आई आत. गुडघ्यांमुळे तिला एकटीला उठता येत नाही, रोज मीच तर उठवतो. तरी एकदाही मागे वळून बघितलं नाही?

आत गेलो तर ती खुर्चीतच, पेले पायाशी. मला मान वर करवेना.

"पळालास ते लई बरं केलास," ती म्हणाली. "त्या टायमाला तुझा बाप मला उठवायला थांबला होता."

मग तिनं पेले मागितले. एकेक करून दिले. उतरंड परत उभी आहे. मी तिची खुर्ची दाराजवळ नेऊन ठेवली. तरी भीती जात नाही, माझ्याच पायांची.