काहीच अडकलं नाही

लखनौ, १४ जानेवारी १९९७, संध्याकाळ

१. दोन वर्षांपूर्वी मुंबईत ऑपरेशन करून, आत स्टेपल मारून माझं पोट लहान केलं. तेव्हा वजन ११८ किलो.
२. मागच्या जानेवारीत ८१.
३. आज ९६. काटा दोनदा तपासला.
४. दुपारी दोन पोळ्या खाल्ल्या. काहीच अडकलं नाही.

चौथ्या मुद्द्याचीच भीती वाटते आहे. पूर्वी अर्ध्या पोळीनंतर घास छातीत अडकायचा, उठून बेसिनकडे पळावं लागायचं. आज आरामात बसून होते. स्टेपल सुटले असतील का? की माझ्याच खाण्यानं पोट ताणलं?

डॉक्टरांनी मऊ खायला सांगितलं ते पहिल्या महिन्यापुरतं. मी मऊच धरून बसले, कारण ते सरळ उतरतं. उन्हाळाभर कुल्फी, थंडीत चौकातली मक्खन-मलाई, म्हणजे रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा गोड फेस, रोज दोन कुल्हड. विकणारे चाचा म्हणतात, "बिटिया, ओस की बनी है, हवा है हवा!" आई म्हणते, "अगं, नुसता फेस तो. त्यानं कुणी जाड होतं का?" मी इंजिनिअर, दिवसभर पुलांवरचा भार मोजते, आणि हे मोजलं नाही.

उद्यापासून मक्खन-मलाई बंद. आधी डाळ, पनीर, मग भाजी, सगळं चावून. पण स्टेपल सुटले असतील तर त्यानं काय होणार? पुन्हा पोट उघडतील? आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

मुंबईच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं. शेवटची ओळ तीनदा खोडली, आता अशी आहे: कोणती तपासणी करून घेऊ आणि दुसरं ऑपरेशन लागेल का, ते कृपया ३१ जानेवारीपर्यंत कळवावे.