स्कीच्या वाटेवरची पावलं

कोर्पिवारा,
२४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय ओस्मो,

तू, तुइया आणि पोरं मजेत असाल. आम्हीही बरे आहोत, म्हणजे पत्रात लिहायची पद्धत असते तेवढे बरे. पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर बोलायचं तर बाबा समोरच्या खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघत असतात, आणि मग माझ्या तोंडून 'ठणठणीत आहेत' एवढंच निघतं. परवा तू विचारलंस, "हेल्का, खरं सांग, बाबांची स्नोमोबाइल आता काढून घ्यायची का?" मी म्हणाले, "काहीतरीच काय!" आणि फोन ठेवून दिला. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसले आहे. पण सरळ उत्तर द्यायची आपल्या घराण्यात रीत नाही, तेव्हा आधी हवापाणी.

हवा म्हणजे बर्फ. ऑक्टोबर संपता संपता सुरू झालं ते अजून थांबायचं नाव घेत नाही. छपरावरचं लोटून लोटून माझे खांदे कामातून गेलेत. तुमच्या तुर्कूत म्हणे नुसता चिखल झालाय, आणि तू त्याबद्दल कुरकुरत होतास. चिखलाला नावं ठेवणाऱ्या माणसाला इथे आणून आठवडाभर हातात फावडं द्यायला हवं. मागच्या मंगळवारी सणाचे साय-बदाम भरलेले गोड पाव केले होते. बाबांनी स्वतःचे खाल्ले, माझे खाल्ले, आणि वर विचारलं, "यंदा पाव केले नाहीस का?" मी हसले. तेव्हा ती थट्टाच वाटली, किंवा वाटून घेतली.

पळणं चालू आहे का, असं तुइयाने विचारलं होतं. चालू आहे, असं म्हणावं लागेल. तिला माझं फार कौतुक, पण मी काही शर्यती मारणारी बाई नव्हे. सकाळपासून शाळेच्या स्वयंपाकघरात कढया घासायच्या, घरी आले की बाबांचं बघायचं. त्यात एक तास असा, की कुणी हाक मारू शकत नाही. मी त्या तासासाठी पळते. उन्हाळ्यात चर्चच्या वळणावरून सरोवराला वळसा घालून येताना मी कुणाची मुलगी नसते, कुणाची बहीण नसते, घटस्फोटित तर मुळीच नसते. फक्त घामाघूम असते.

हिवाळ्यात मात्र पळणं म्हणजे शिक्षाच. खिळ्यांचे बूट चढवायचे, कपाळाला दिवा बांधायचा, अंगावर तीन थर. तरी पापण्या एकमेकींना चिकटतात आणि नाक आहे की गळून पडलं ते चाचपून बघावं लागतं. बर्फ लोटणारी गाडी सगळा ढीग रस्त्याच्या कडेला लावून जाते, त्यामुळे कडा उरत नाही. मधून पळावं तर लाकडांचे ट्रक अंगावर येतात. एरवी जानेवारी मी दात आवळून काढते, एप्रिल येईलच म्हणते. यंदा तसं म्हणवत नाही. यंदा मी दमले आहे, ओस्मो, आणि ते बर्फामुळे नाही.

आता गावातली बातमी, जी तुझ्यापर्यंत कुणीतरी पोचवेलच. म्हणून मीच सांगते. तुझ्या बहिणीने गावात नाक कापून घेतलंय. मी स्कीच्या वाटेवर पळते.

वाचून तुझा घास घशात अडकला असेल. आपल्याकडे पोराला अक्षर ओळखता येण्याआधी हे शिकवतात, की स्कीसाठी आखलेल्या वाटेवर बुटांनी पाऊल टाकायचं नाही, कुत्रा न्यायचा नाही, वाटेची कडसुद्धा तुडवायची नाही. पावलाचा खड्डा रात्रीत दगडासारखा गोठतो आणि सकाळी त्यात कुणीतरी तोंडावर आपटतं. आणि ती वाट आखतं कोण? आपले बाबा! इतकी वर्षं, एक पैसा न घेता, त्या बर्फावरच्या गाडीच्या, स्नोमोबाइलच्या, मागे जड साचा बांधून, स्कीसाठी बर्फात दोन खाचा पाडत जंगलातून, सरोवरावरून, पुन्हा जंगलातून. आई गेल्यापासून तर त्यांचं जगणं म्हणजे त्या दोन सरळ रेघाच आहेत.

दुकानाच्या दारावर चिठ्ठी लागली, 'वाटेवर पळणाऱ्याने माणसासारखं वागावं.' मग रौनी पडली. आपली शेजारीण रौनी, सत्तरीतही रोज स्की करणारी. माझ्या पावलाच्या खड्ड्यात तिची स्की अडकली आणि मनगट मुरगळलं. तिने बुटाचा ठसा ओळखला, या गावात खिळ्यांचे बूट घालून पळणारं दुसरं आहे कोण? दुकानात पावाच्या फळीपाशी तिने मला गाठलं.

"काय गं हेल्का, कुंपणच शेत खायला लागलं का?"

"रौनी, हात कसा आहे?"

"हाताचं सोड. बाप थंडीत कुडकुडत वाट आखतो आणि लेक मागून तुडवत जाते! रस्ता काय कुणी उचलून नेला?"

"रस्त्यावर बर्फ आहे."

"बर्फ आहे! ऐकलंत का, फेब्रुवारीत हिला बर्फ सापडलं!"

दुकानातले सगळे हसले. मी राय धान्याचा काळा पाव घेतला आणि घरी आले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. खरं सांगितलं असतं तर रौनीनेच मला जवळ घेतलं असतं, पण मग संध्याकाळपर्यंत गावाला कळलं असतं आणि दुसऱ्या दिवशी स्की मंडळाने बाबांचं काम काढून घेतलं असतं. अगदी गोड बोलून, केक-कॉफी देऊन, आभार मानून.

तर खरं हे असं आहे.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला एका दुपारी मी रस्त्यावर पळत होते. रस्ता जिथे स्कीच्या वाटेला ओलांडतो, तिथे बघितलं तर ताज्या रेघा डावीकडे गावाच्या दिशेने जायच्या सोडून उजवीकडे जंगलात वळल्या होत्या. म्हटलं, बाबांनी नवीन वळण काढलं असेल. पण आत गेले तर रेघा एका मोकळ्या जागेत गोल फिरल्या होत्या. एकावर एक, गोल गोल. मध्ये बाबा गाडी बंद करून थर्मासच्या झाकणातून कॉफी पीत बसले होते.

"पेट्रोल संपलं," म्हणाले.

मी काट्याकडे बघितलं. टाकी अर्धी भरलेली होती. मी म्हणाले, "बाबा, माझा पाय दुखतोय, मला घरी सोडता का?" मागे बसले आणि 'इथून डावीकडे, आता सरळ' असं त्यांच्या कानाशी बडबडत राहिले, जशी काही मला बडबडायची हौसच आहे. घरी आल्यावर त्यांनी माझ्या पायाला मलम लावून दिलं. रात्री बर्फ पडलं आणि ते गोल बुजले. कुणी बघितले नाहीत.

तेव्हापासून मी त्यांच्या मागे पळते. वाट आखताना गाडी हळू चालते, अधूनमधून ते उतरून फांद्या बाजूला करतात, त्यामुळे मागचा लाल दिवा नजरेत ठेवता येतो. कसाबसा. बरोबर गाडीवर बसून येते असं मी म्हणाले तर ते चिडले, "मला काय राखणदार हवाय?" स्की घालून जावं तर तू जाणतोस माझी स्की, दर वळणाला झाडाला मिठी. मला फक्त पळता येतं. आणि बाजूच्या भुसभुशीत बर्फात कमरेपर्यंत रुतायला होतं, पळायचं तर कडक वाटेवरच.

आता यातली गंमत बघ. बाबांना पावलांचे खड्डे दिसतात, पण ते माझे आहेत हे गावात कुणी त्यांच्या कानावर घातलेलं नाही. जेवताना टेबलावर मूठ आपटतात, "कोण गाढव आहे तो, एकदा सापडू दे!" मी म्हणते, "सापडेल हो, सूप गार होतंय." की लगेच दुसऱ्या दिवशी ते खड्डे बुजवायला पुन्हा गाडी काढतात. पूर्वी बर्फ पडल्यावरच जायचे, आता रोज जातात. ते रोज जातात म्हणून मी रोज मागे पळते, मी पळते म्हणून खड्डे पडतात, आणि खड्डे पडतात म्हणून ते जातात. घाण्याला जुंपल्यासारखे आम्ही दोघं फिरतोय. माझा तो एक तास, कुणी हाक न मारण्याचा, त्या लाल दिव्याच्या मागे संपला. पळायला निघताना हल्ली मला रडू येतं. हे कुणाला सांगायचं? बाप हरवेल म्हणून नव्हे, माझा तास गेला म्हणून रडू येतं. आहे मी अशी.

तुला का नाही सांगितलं, हे तू विचारशील. ख्रिसमसला तू आलास तेव्हा बाबांनी तुला दोनदा माझ्या आधीच्या नवऱ्याच्या नावाने हाक मारली. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी बटाटे सोलत राहिले. मला वाटलं, एप्रिलपर्यंत निभावून नेऊ. बर्फ वितळेल, गाडी आपोआप कोठारात जाईल, कुणाला काही काढून घ्यावं लागणार नाही. हिवाळा जाईपर्यंत पळायचं, एवढंच तर करायचं होतं.

शनिवारी ते जमलं नाही.

सरोवरावर नदीच्या तोंडाशी खालून प्रवाह असतो, तिथलं बर्फ कधीच भरवशाचं नसतं. म्हणून तर आपण दरवर्षी सुरक्षित वाटेवर फांद्या रोवतो. या वर्षीही बाबांनीच रोवल्या. शनिवारी दिवस कलताना त्यांनी फांद्यांची रांग सोडली आणि गाडी सरळ नदीच्या तोंडाकडे घातली. मी ओरडले. इंजिनाच्या आवाजात काय ऐकू जाणार? मी पळाले, ओस्मो. आयुष्यात कधी अशी पळाले नसेन. छातीत थंड हवा घुसून खोकल्याने जीव जायला आला, एकदा पडले, उठले, कपाळावरचा दिवा हातात घेऊन हलवत सुटले. गाडीचा लाल दिवा लांबच जात होता.

आणि मग तो थांबला. बाबांनी मागे वळून बघितलं होतं, आणि त्यांना त्यांच्या ताज्या रेघांवर पळणारं माणूस दिसलं होतं. ते गाढव सापडलं होतं! त्यांनी गाडी फिरवली आणि सुसाट माझ्याकडे आले. उतरले आणि बोट रोखून ओरडले.

"लाज नाही वाटत? आत्ताच आखली आहे वाट! कुणाची गं तू? बापाने काही शिकवलं नाही?"

माझ्या कपाळावर दिवा नव्हता, टोपी पडलेली होती, चेहरा उघडा होता. हातभर अंतरावरून ते बघत होते. मला वाटलं, आता ओळखतील. मी वाट बघितली.

"शिकवलं होतं," मी म्हणाले. "चुकले मी."

त्यांचा राग उतरला. ते नेहमीच असे, चूक कबूल केली की विरघळतात. म्हणाले, "बरं, बरं. एवढं धापा टाकायला काय झालं? बस मागे, सोडतो तुला. घर कुठे तुझं?"

मी मागे बसले, त्यांच्या कमरेला हात घातले आणि त्यांना आपल्या घराचा रस्ता सांगितला.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. गाडी काढून घ्यायला हवी. किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात आहे, रविवारपासून. ते सगळं घर शोधतायत आणि मी त्यांच्याबरोबर शोधतेय, सोफ्याच्या गाद्यासुद्धा उचलून बघितल्या. हे मला फार दिवस जमणार नाही. त्यांना समोर बसवून सांगणं एकटीने होणार नाही माझ्याच्याने, आणि नंतर रोज त्यांच्या तोंडाकडे बघणं तर नाहीच नाही. पोरांच्या शाळेला स्कीची सुट्टी लागायची वाट बघू नकोस. पोरांना तुइयाकडे ठेव आणि ये, चार दिवसांसाठी नव्हे, जरा राहायला ये. बाबांना डॉक्टरांकडे तू ने. रौनीला तू सांग. मला काही दिवस फक्त झोपायचं आहे.

एक सांगायचं राहिलं. रविवारी सकाळी बाबांनी मला बरोबर ओळखलं, नावाने हाक मारली, कॉफी ओतून दिली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काल सरोवरावर एक बाई भेटली. वाट तुडवत होती, चांगली झापली मी तिला." कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाले, "पण फार दमली होती गं बिचारी. तिचं कुणी नाही की काय? कुणीतरी बघायला हवं तिच्याकडे."

ये.

तुझी,
हेल्का