दोन स्ट्राइकनंतरचा हात

३ जून, शुक्रवार
रविवारपासून बेसबॉलचा सीझन. अम्पायर म्हणून माझा एकोणिसावा. संकल्प: वजन उतरवणे, मॅनेजर लोकांशी वाद न घालणे, आणि तिसऱ्या स्ट्राइकची, म्हणजे बॅटर बाद दाखवण्याची, अ‍ॅक्शन यंदा कायमची बसवून टाकणे. गॅरेजमध्ये आरसा लावला. डावा पाय मागे आणि उजवा हात, गवत कापायचं मशीन दोरी ओढून सुरू करतात तसा. चाळीस वेळा केली. बायको आर्लिस फ्रीझरमधलं काही काढायला आली, दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि गेली. प्रभाव पडला असावा.

५ जून, रविवार
नॉर्बी गावच्या संघाचा सामना. नॉर्बीचा कॅचर लायल टोलेफ्सन, म्हणजे आमचा पोस्टमन. सोमवार ते शनिवार सव्वाअकराला आमच्या पेटीत पत्रं टाकतो आणि रविवारी माझ्या पुढ्यात उकिडवा बसतो. वय बेचाळीस. सामना संपल्यावर म्हणाला, तिसऱ्या स्ट्राइकला तुमचा हात बघण्यासारखा असतो. अख्ख्या लीगमध्ये एक तरी जाणकार आहे.
रूबार्बचा केक दोन तुकडे. वजन उद्यापासून.

१९ जून, रविवार
क्लेर फोर्कला जाताना एक वळण चुकलं. नकाशा आर्लिसच्या मांडीवरच होता, पण विचारावं लागलं नाही. बावीस मैलांचे चौतीस झाले एवढंच.
बेसवरचा अम्पायर गेल्या वर्षापासून आर्लिसच आहे. आधीच्या अम्पायरचे, हर्मनचे, गुडघे गेले आणि दुसरं कोणी मिळेना. मी शिकवल्यामुळे बरीच तयार झाली. नियम एकच घोटून घेतला: बॅट पूर्ण फिरली, म्हणजे स्ट्राइक, की मध्येच अडली हे तिला बाजूने माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं, पण मी विचारल्याशिवाय तिने तोंड उघडायचं नाही. मी विचारत नाही. एकोणीस वर्षांत एकदाही नाही. विचारणं म्हणजे दोन गावांसमोर कबूल करणं की मला दिसलं नाही.
परतताना ती म्हणाली, त्या चौथ्या इनिंगमध्ये ना... मी नियमाची आठवण करून दिली. मग घरापर्यंत मक्याची शेतं बघत बसली.

१० जुलै, रविवार
एक निरीक्षण. दोन स्ट्राइक झाल्या की माझ्यापुढे बॅटर वेड्यासारखे कशावरही बॅट घालतात. दुसऱ्या अम्पायरपुढे असं करत नाहीत. याला धाक म्हणतात.
अ‍ॅक्शन आता विचार न करताही येते.

१ ऑगस्ट, सोमवार
रविवारी शेवटचा सामना, नॉर्बी विरुद्ध क्लेर फोर्क. जिंकेल तो राज्याच्या स्पर्धेला जाणार. नॉर्बी अठरा वर्षांत गेलेलं नाही. प्लेटमागे, म्हणजे बॅटर आणि कॅचरच्या मागे, मी. पेटीपाशी लायल भेटला. म्हणाला, चोवीस उन्हाळे झाले, आता गुडघे नाही म्हणतात. जिंकलो तर राज्याला, नाहीतर रविवारी संपलं. मी सांगितलं की अम्पायरला भावना नसतात. म्हणाला, ते आहेच.

७ ऑगस्ट, रविवार, सायंकाळी ५
सामना झाला. क्लेर फोर्क ४, नॉर्बी ३. निर्णय सगळे योग्य. जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

सायंकाळी ६
थोडं लिहितो. शेवटची इनिंग, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, बॅटिंगला लायल. तीन बॉल, दोन स्ट्राइक. बॅट अडली तर चौथा बॉल, म्हणजे चौथा वाईट चेंडू: बॅटर फुकट पहिल्या बेसवर, एक रन घरात आणि बरोबरी. फिरली तर खेळ खलास. चेंडू गुडघ्याच्या खाली आला. लायलने बॅट काढली आणि, मला वाटतं, अडवली. तोवर माझा हात झाला होता. उत्तम झाला. आरशातल्यापेक्षा उत्तम.
कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. नॉर्बीचा मॅनेजर चालत आला आणि हळूच म्हणाला, “ऑर्विन, आर्लिसला एकदा विचार ना.” मी म्हणालो, निर्णय झालाय. आर्लिस पहिल्या बेसपाशी गुडघ्यांवर हात ठेवून गवताकडे बघत होती.
लायल सवयीने वाकला, तळहाताने प्लेटवरची माती झाडली आणि गेला.

८ ऑगस्ट, सोमवार
सव्वाअकराला तळघरात काम होतं.

९ ऑगस्ट, मंगळवार
तळघरात. लोणच्याच्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या.

१० ऑगस्ट, बुधवार
बरण्या पुन्हा वर्षाप्रमाणे लावल्या. आर्लिसने विचारलं, कोणाची वाट बघतोयस का खाली. म्हणालो, नियमाची आठवण ठेव. नियमाचा इथे संबंध नाही हे मला कळतं.

१२ ऑगस्ट, शुक्रवार
मागवलेले अम्पायरचे बूट आले. खोकं पेटीत मावेना म्हणून लायल दारापर्यंत आला आणि घंटी वाजवली. मी पडद्यामागे. आभाळ भरलं होतं. तो परत गाडीपाशी गेला, प्लास्टिकची पिशवी आणली, खोकं त्यात घातलं, तोंड नीट दुमडलं आणि ओटीवर आतल्या बाजूला ठेवलं. जाताना जिन्यावर रेलिंग धरून एकेक पायरी उतरला.
लाज वाटली. दुसरा शब्द शोधला, नाही मिळाला. बूट उघडले नाहीत.

१६ ऑगस्ट, मंगळवार
संकल्प: लायलला पत्र लिहिणे. पहिला मसुदा तीन पानांचा, त्यात अडीच पानं नियमावली. दुसऱ्यात उन्हाचा उल्लेख होता, सूर्य माझ्या पाठीमागे होता हे नंतर आठवलं. शेवटी एक ओळ राहिली: लायल, मला दिसलं नव्हतं.

१७ ऑगस्ट, बुधवार
११.०० पत्र पेटीत. पेटीचा लाल झेंडा, पत्र न्यायचं आहे ही पोस्टमनला खूण, वर केला.
११.१० धावत जाऊन पत्र काढून आणलं.
११.१५ झेंडा खाली करायचा राहिला. लायल थांबला, रिकाम्या पेटीत हात घालून चाचपलं, वाकून आत पाहिलं, झेंडा खाली केला आणि आमच्या खिडकीकडे बघत राहिला. पडदा हलला असावा.

२० ऑगस्ट, शनिवार
अकरापासून पेटीपाशी उभा. पत्र खिशात. गाडी आली तसं सगळं पाठ केलेलं विसरलो आणि म्हणालो, “लायल, तुझी बॅट अडली होती का?”
“अडली होती.”
“मी आर्लिसला विचारायला हवं होतं.”
“हवं होतं.” त्याने आमचं वीज कंपनीचं बिल माझ्या हातात दिली. मग गाडी बंद केली. “पण अम्पायरसाहेब, बॅट हलायच्या आधीच तुमचा हात निघाला होता. नेहमीच निघतो. मी रागावू कोणत्या तोंडाने? कॅचर झाल्यापासून अकरा वर्षं त्याच हाताचं खाल्लंय मी. दोन स्ट्राइक झाल्या की आमच्या पिचरला खूण करायचो, कुठेही टाक, ऑर्विनचा हात शिवशिवतोय. क्लेर फोर्कवालेही तेच करतात. सगळेच करतात.”
मी विचारलं, म्हणून बॅटर कशावरही बॅट घालतात?
“मग काय करतील बिचारे?” तो हसला. वाईट हसला नाही, आणि तेच जास्त लागलं. म्हणाला, त्या दिवशी फक्त मी चुकीच्या बाजूला उभा होतो. गेला. पत्र खिशातच राहिलं.
गॅरेजमधला आरसा उतरवला. त्यात बघावंसं वाटलं नाही, म्हणून पाठमोरा उतरवला.
स्वयंपाकघरात आर्लिस कणसं उकडत होती. म्हणालो, “माझा हात आधी निघतो, हे तुला माहीत होतं?”
“पहिल्या दिवसापासून.”
“मग बोलली का नाहीस?”
“बेसवरचा अम्पायर विचारल्याशिवाय बोलत नाही. तूच शिकवलंस.”
मग विचारलं, आणखी काय काय माहीत आहे. तिने गॅस बंद केला, समोरची खुर्ची ओढली आणि म्हणाली, बस.