एका कानाच्या मांजरावर माझी हरकत

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, मानून घे.) भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझा खोकला गेला, की अजूनही तुझ्याआधी तोच दार उघडतो? इकडे सगळं ठीक. म्हणजे तुझी भावजय ठीक आहे, मांजर ठीक आहे आणि मी सरकारदरबारी तुझ्या भावजयीचा विरोधक म्हणून नोंदला गेलो आहे. घाबरू नकोस, घरात जेवायला मिळतं.

आपल्या भांडी घासायच्या पावडरीच्या पुड्यावरचं चित्र तुला माहीत आहेच. लखलखीत ताटात स्वतःचं तोंड बघणारं एका कानाचं मांजर. गेल्या वर्षी बाजारात दोन कानांचं मांजर आलं. पावडर भिकार, पण पुडा थेट आपल्यासारखा. एक बाई तर तो घेऊन आपल्याच दुकानात भांडायला आल्या. (मी त्यांना कान मोजून दाखवले. त्यांचं समाधान झालं नाही.) तेव्हा तुझ्या भावजयीने ठरवलं, चित्राचा ट्रेडमार्क करून घ्यायचा. वकीलबाई तिनेच शोधल्या, कागद तिनेच भरले. "अर्ज केला हं," ती म्हणाली. मी पावडर चाळत होतो, "बरं केलंस," म्हणालो. अर्ज कुणाच्या नावाने केला, हे विचारायचं सुचलंच नाही. आपल्याकडे दाराच्या पाटीपासून सगळं माझ्याच नावावर असतं ना!

आता असं बघ, अर्ज केला की चिन्ह लगेच आपलं होत नाही. आधी कचेरीतले लोक ते तपासतात, मग त्यांच्या जर्नलमध्ये छापतात आणि चार महिने थांबतात. नोंदणी पद्धतीच्या लग्नाआधी नोटीस लावतात ना, कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा म्हणून, तसंच. कुणीच काही बोललं नाही तर नोंदणी होते. हे ऐकून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन कानांचं मांजरही उद्या त्या जर्नलमध्ये येऊन बसेल! आपण डोळ्यात तेल घालून बसायला हवं. तुझ्या भावजयीला न सांगता मी एका गृहस्थांना गाठलं. जर्नल वाचून पक्षकारांतर्फे हरकती नोंदवणं हाच त्यांचा धंदा. खोलीत खुर्ची एकच, तीही त्यांची, आणि हातात बशीएवढं भिंग. मी त्यांना भिंगवालेच म्हणतो. त्यांना आपला पुडा दाखवून ठणकावून सांगितलं, "मांजर दिसलं की मला विचारत बसू नका. सरळ हरकत घ्या." आणि तीन कोऱ्या कागदांवर सह्या ठोकून, छाती पुढे काढून घरी आलो.

भिंगवाले कामाला चोख निघाले. त्यांना मांजर सापडलं. एका कानाचं. अर्जदार कुणी बाई. त्यांना काय ठाऊक, त्या बाई माझ्या कोण! हरकत घेतली, आणि नोटीस वकीलबाईंकडून आमच्याच जेवणाच्या टेबलावर आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हरकतीची कारणं चार. पहिली तीन, हे चित्र विरोधकाच्या चित्रासारखं हुबेहूब आहे, अशा अर्थाची. (असणारच!) चौथं असं होतं: 'अर्जदार बाईंचा या धंद्याशी काहीही संबंध नाही.' खाली माझी सही, शेपटीसकट.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "सही तुमचीच ना?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, उद्या सकाळी पहिलं काम, हरकत मागे घेतो. "मुळीच मागे घ्यायची नाही," ती म्हणाली. "तुम्ही मागे घ्याल, माझी नोंदणी होईल, आणि ते वाक्य कागदावर तसंच राहील. मला त्याला उत्तर द्यायचंय."

उत्तराला दोन महिन्यांची मुदत असते. ते दिलं नाही तर अर्जच सोडून दिला असं धरतात. तिने आठ दिवसांत लिहिलं, त्याच टेबलावर, आणि मी समोर बसून पुड्यांना लेबलं चिकटवत होतो. नियमाने उत्तराची प्रत विरोधकाला मिळते, तशी मला मिळाली. अकरा पानं! पावडर पहिल्यांदा कुठल्या पातेल्यात कालवली, किती वेळा हातांची सालं निघाली, कुठल्या दुकानदाराने तिला दारातूनच परत पाठवलं, मांजराचा कान कधी गेला आणि चित्र कधी काढलं, सगळं तारीखवार. अक्का, अकरा वर्षं मी त्याच घरात होतो, आणि त्यातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं. मला लाज वाटली. आणि खरं सांगतो, अभिमानही वाटला. असली बायको ज्याच्याविरुद्ध लढते, त्याने हरायला काय हरकत आहे?

भाऊजींना नमस्कार.

तुझा, हरण्याची वाट बघणारा धाकटा भाऊ

ता. क. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आता पुराव्याची पाळी आहे, प्रतिज्ञापत्रावर. तिने ते मांजर पहिल्यांदा काढलं तुझ्याकडे, तुझ्या कॅलेंडरच्या पानामागे, आणि बघणारी तू एकटीच होतीस. तेव्हा तिच्या बाजूने आणि माझ्याविरुद्ध साक्ष दे. भाऊ म्हणून हात राखू नकोस.

ता. क. २. ते चौथं कारण भिंगवाल्यांनी मनाने लिहिलं, असं मी घरात सांगितलं आहे. ते खोटं आहे. "धंदा कुणाचा? घरातलं आणखी कुणी आहे का त्यात?" असं त्यांनी मला नीट विचारलं होतं. मी म्हणालो, "छे हो, माझा एकट्याचा." माझ्या प्रतिज्ञापत्रात मी हे लिहिणार आहे, पण तिला आधी कळायला हवं, आणि तोंडाने सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून हे पाकीट न चिकटवता, पोस्टात टाकायला तिच्याच हातात देतो आहे. पत्र तुला मिळालं, तर तिने ते वाचून मग टाकलं असं समज.