चुकीच्या वाक्यांचा गृहपाठ

४ मार्च
शिकवणीला नाव घातलं. पन्नाशी उलटल्यावर! शिंप्याच्या दुकानावरचा मजला, इंग्रजी संभाषणाचा वर्ग. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलाहूनही लहान. "काका, नेमकी अडचण काय?" असं त्यांनी विचारलं. अडचण अशी, की वाणिज्य शाखेची पदवी मी इंग्रजीतून घेतली, कार्यालयातली सारी इंग्रजी पत्रं माझ्या हातून जातात, माझ्या मसुद्यातला स्वल्पविराम साहेबसुद्धा हलवत नाहीत — आणि तोंडातून मात्र 'येस'च्या पुढे काही निघत नाही. बाईंना एवढंच म्हणालो, "सराव नाही."

५ मार्च
खरं कारण इथे लिहितो. सून.
चिरंजीवाने परदेशात लग्न केलं. सुनेला आपली भाषा येत नाही. दर रविवारी फोन येतो. सौ. तिच्याशी मनसोक्त गप्पा मारते. क्रियापद सापडलं तर वापरते, नाही तर त्यावाचून तिचं काही अडत नाही. मी शेजारच्या खुर्चीत वाक्य जुळवत असतो. आधी काळ, मग कर्ता, मग उपपद. वाक्य मंजूर होईतो फोन ठेवलेला असतो! लग्नाला दोन वर्षं झाली, सुनेशी मी चकार शब्द बोललेलो नाही. सासऱ्याला आपण पसंत नाही, असंच ती समजत असणार. आणि मला ती पसंत आहे. एप्रिलमध्ये दोघं पहिल्यांदाच येताहेत.
सौ. म्हणते, काळजी नको, मी तिला सांगून ठेवलंय. काय सांगितलं, असं विचारल्यावर भाजी निवडायला बसली.

११ मार्च
बाईंचं निदान: मी मनात मराठी वाक्य करतो, त्याचं भाषांतर करतो, मग ते तपासतो. "काका, बोलणं म्हणजे लेखापरीक्षण नव्हे." उपाय म्हणून रोज मुद्दाम चुकीची वाक्यं मोठ्याने बोलायची. चुकायची लाज गेली की जीभ सुटते म्हणे.

१२ मार्च
गृहपाठ पूर्ण. एका वाक्यात काळाची चूक, दुसऱ्यात वचनाची, तिसऱ्यात शब्दक्रमाची. एकही चूक दोनदा येऊ दिली नाही. बाईंनी कपाळाला हात लावला. "तुमच्या चुकासुद्धा बिनचूक आहेत, काका."

१९ मार्च
वर्गात एक केशकर्तनकार आहेत. इंग्रजी बोलतात ते कात्री चालवल्यासारखं. मध्ये काय कापलं गेलं, ह्याची फिकीर नाही. बाई त्यांच्यावर खूश. ते मला म्हणाले, समोरच्याच्या डोळ्यांत पाहू नका, मानेकडे पाहून बोला. सुनेच्या बाबतीत हे कसं शोभेल?
बाईंचा सल्ला त्यामानाने सभ्य: रेडिओवरच्या बातम्या ऐकाव्यात आणि निवेदकाच्या पाठोपाठ म्हणाव्यात. न्हाणीघरात म्हणतो. शेजारीणबाईंनी सौ.ला विचारलं, सगळं ठीक आहे ना घरात?

२४ मार्च
सुनेने टपालाने घशाच्या गोळ्या पाठवल्या. माझ्या नावाने! मला घशाचा त्रास कधीपासून? सौ. म्हणाली, थंड मुलखातली माणसं अशाच भेटी देतात. डबी तिने लगेच कपाटात टाकली.

६ एप्रिल
आले.
स्वागताचं वाक्य तोंडपाठ होतं, निर्दोष. दारात सून उभी. मी तोंड उघडणार, तोच तिने दोन्ही हात उचलले आणि बोटांनी हवेत काही खुणा करू लागली. सावकाश. मध्येच अडली, चूक लक्षात आली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चिरंजीव माझी नजर टाळत पुटपुटला, "खुणांची भाषा, बाबा. तुमच्यासाठी शिकलीये."
सौ.ला स्वयंपाकघरात गाठलं.
"मग काय सांगायचं होतं तिला?" ती म्हणाली. "सासऱ्यांचं व्याकरण तपासून व्हायचंय? म्हटलं, आवाज बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीये."
"दोन वर्षं?"
"मोठे डॉक्टर आहेत."

७ एप्रिल
स्वतःच्या घरात मुका झालो आहे. बोललो तर सौ. खोटी पडते. सून खुणा करते, मी मान डोलावतो. एकही खूण कळत नाही. चहा हवा का, असं समजून मान हलवली, तर तिने खिडकी लावून घेतली.

९ एप्रिल
मौन सुटलं. मायेपोटी सुटलं असतं तर लिहायला बरं वाटलं असतं! दाराजवळची पहिली खुंटी छत्रीची, दुसरी किल्लीची, हा माझा नियम. बाहेरून आल्यावर सुनेने घराची किल्ली छत्रीच्या खुंटीवर टांगली. छत्रीच्या! "नो! नॉट देअर! की इज सेकंड!" मी ओरडलो.
सौ. जागच्या जागी थिजली. चिरंजीव बूट काढत होता, तो वाकलेलाच राहिला. सुनेने शांतपणे किल्ली उचलली, दुसऱ्या खुंटीला लावली आणि इतकी हसली, की तिला जमिनीवर बसावं लागलं.

१० एप्रिल
माझा आवाज शाबूत आहे, हे तिला पहिल्या महिन्यापासूनच ठाऊक होतं. फोनवर मागून माझा आवाज येई — दूधवाल्याची हजेरी घेतानाचा. गोळ्या ही थट्टा होती.
मग खुणा कशाला शिकलीस, असं मी विचारलं. इंग्रजीत, न तपासता. ती म्हणाली, "तुम्हाला माझ्या भाषेची भीती, मला तुमच्या. म्हटलं, दोघांनाही न येणारी एखादी घेऊ."
दुपारपासून धडे सुरू. माझा अंगठा सारखा चुकतो.