सरांचा आवाज कुणी काढायचा

सर, तुमचा आवाज आम्ही गेल्या महिन्यात काढून टाकला. शेवटचं बटण मीच दाबलं. हे तुम्हाला कुणाकडूनच कळायची सोय नाही, तरी कळलंच तर माझ्याकडून कळावं असं वाटत राहतं, म्हणून लिहायला बसले आहे.

घोटावड्याचं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. ज्यांना दिसत नाही त्यांना कॉम्प्युटरवरचं मराठी वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तुम्ही लिहिला होता, आणि त्याला आवाज हवा म्हणून स्वतःचाच दिलात. कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज त्या खोलीत सगळ्यात कमी यायचा. नुकतीच बारावी झालेली मी, तुमची विद्यार्थिनी, माइक धरून उभी. फ्रिज बंद, पंखा बंद, काकू कुकर उतरवून ओट्याशी गप्प. तुम्ही क, का, कि, की म्हणत जाताय, घामानं शर्ट पाठीला चिकटलाय. मध्येच काकूंना हसू फुटतं आणि तुम्ही म्हणता, "आता परत पहिल्यापास्नं." तयार झाल्यावर तो प्रोग्रॅम तुम्ही कोडसकट सगळ्यांना मोकळा करून दिलात. कुणीही वापरा, उघडून बघा, सुधारा. नागपूरहून, गोव्याहून लोक दुरुस्त्या पाठवू लागले, आणि त्यांतली कुठली आत घ्यायची ते तुम्ही ठरवायचात. एकदा तुमच्या वतीनं मी एकाला नुसतं 'नको' असं कळवलं, तेव्हा तुम्ही चहाचा कप तसाच खाली ठेवलात. "नको म्हनायचं तर कारण लिहायचं. समद्यांना दिसंल असं. त्या मानसानं फुकट राबून काम केलंय. तू काय पाटलीन लागून गेलीस व्हय?"

मग तुम्ही आजारी पडलात आणि दवाखान्यातल्या कॉटवरून शेवटच्या होकाराचा अधिकार माझ्या खात्याला दिलात. बाकी कुणाला विचारलं नाहीत. तुम्ही गेल्यावर मीही नाही विचारलं. काही अडवायचं असलं की मी लिहायची, 'सरांना हे पटलं नसतं.' त्यावर कोण काय बोलणार?

माण गावातल्या आमच्या घरावर आता मजले चढलेत, खोल्या आयटीतल्या मुलींना भाड्यानं दिल्यात. वरच्या मजल्यावर लातूरकडची एक मुलगी राहते. तिला जन्मापासून दिसत नाही. आपल्या प्रोग्रॅमवर ती माझ्यासोबत बरीच वर्षं काम करतेय, म्हणून हिंजवडीला नोकरी लागल्यावर मीच तिला खोली दिली. तिनं आणि आणखी तिघांनी मिळून नवा आवाज तयार केला आणि तुमच्या जागी तो घ्यावा असं रीतसर सुचवलं. मी कित्येक महिने 'विचार करू' म्हणत राहिले. शेवटी लिहिलं, 'नको. हा आवाज म्हणजेच हा प्रकल्प आहे.' त्याच संध्याकाळी जिन्यावर तिच्या काठीचा आवाज आला. मी पोळी लाटत होते, हात थांबला.

"ताई, कारण लिहा."

"लिहिलंय की."

"ते कारण नाही, ती तुमची माया आहे. मी दिवसभर तिप्पट वेगानं ऐकते. त्या वेगाला सरांचा सात आणि साठ एकसारखाच येतो. आज मीटिंगमध्ये मी साठच्या जागी सात वाचला. माझी नोकरी अजून पक्की नाही."

"सावकाश ऐक ना मग."

ती जिन्याकडं वळली. मग म्हणाली, "तुम्ही सावकाश वाचता का? आम्ही चौघं वेगळे होतोय. कोड उघडा आहे, उचलून दुसऱ्या नावानं चालवू. खोलीचं काय ते तुम्ही सांगा." आणि ती वर गेली. तव्यावरची पोळी जळून धूर झाला होता.

सर, वेगळं व्हायला त्यांना पूर्ण मुभा आहे, ती तुम्हीच दिलीत. पण काम करणारे आम्ही मोजके. दोन प्रोग्रॅम झाले असते तर दोन्ही लंगडत चालले असते, आणि ऐकणाऱ्यांना कळलंही नसतं की कुठला धरायचा. पुढचे दिवस घरात वाईट गेले. जिन्यात काठी वाजली की मी श्वास रोखून उभी राहायची, आणि मी तिथं आहे हे तिला कळायचं. ती न बोलता पुढं जायची.

मी काकूंकडे गेले. त्या माझ्या बाजूनं बोलतील याची खात्री होती. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीकडं बोट केलं. "शेजारच्या आजोबांस्नी दिसत न्हाई, रोज सकाळी हितं खिडकीखाली बसून पेपर ऐकत्यात. ह्यांच्या आवाजात. कुटं कोन मेलं, कुटं गाडी उलाटली. कवा बरं वाटतं, कवा जीव जातो गं. इतकी वर्सं झाली, मला कुनी विचारलं का?"

परत येताना पिरंगुटच्या चौकात गाडी बाजूला घेतली आणि वरच्या मुलीला फोन लावला. म्हटलं, वेगळे होऊ नका, आधी ठरवायचं कसं तेच ठरवू. तिनं लगेच विश्वास ठेवला नाही. "आणि तुमच्या विरोधात गेलं तर?" मी म्हटलं, "तर गेलं."

मग आम्ही नियम लिहिले. माझा अधिकार पाच जणांत वाटला. हरकत घ्यायची तर कारणासह, सगळ्यांना दिसेल अशी. वापरणाऱ्यांचं म्हणणं आधी ऐकायचं. ते आलं तेव्हा मला वाचवेना. बहुतेकांनी तुमच्यावर प्रेम असल्याचं लिहून खाली तुमच्या चुका दिल्या होत्या. मतदान उघड झालं. तुमच्या बाजूनं एकच मत पडलं, माझं. तुमचा आवाज निवडीपुरता तरी ठेवू, असं मी म्हटलं, तर एकानं विचारलं, "सांभाळणार कोण?" 'मी' म्हणणार होते, पण काकूंची खिडकी आठवली. वरची मुलगी म्हणाली, "ताई, तुम्ही दाबता की मी दाबू?" मी दाबलं.

हे पत्र काकूंना वाचून दाखवावं असं मनात आलं होतं. दाखवणार नाही. कारण मला वाटलं होतं, बटण दाबलं त्या दिवशी रडू येईल, आणि ते आलं नाही. संध्याकाळी कुणीतरी नवी दुरुस्ती पाठवली. मी ती उघडलीसुद्धा नाही. दुसरं कुणीतरी बघेल म्हटलं आणि जेवायला बसले. सर, मला सुटल्यासारखं वाटलं.